अजराच्या खोलीची वाळू

कतारला आठ वर्षं दुसऱ्यांच्या गॅस प्लांटचे व्हॉल्व्ह फिरवले, म्हणजे मी शास्त्रज्ञच झालो, असा माझा पक्का समज. २००१च्या मे महिन्यात रत्नागिरीत वजीरशेठच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात मी नारळाच्या करवंट्यांपासून गॅस काढणारं माझं यंत्र उभं केलं. शेठ म्हणाले, "अरशद, तुझ्या गॅसवर रस आटला तर नोकरी पक्की." नाही आटला, तर परत कतार. माझी लेक हुदा सहा वर्षांची झाली तरी मला 'फोनवाले अब्बा' म्हणायची. मला जायचं नव्हतं.

यंत्र तसं सोपं. शेजारी-शेजारी दोन टाक्या, दोन्हीत वाळू. खालून एकीत पंख्याने हवा, दुसरीत वाफ मारली की वाळू पेजेसारखी रटरटते. पहिल्या टाकीत लाल झालेली वाळू पाइपातून दुसरीत जाते, तिथे करवंट्या भाजून गॅस सोडवते आणि उरलेला कोळसा घेऊन जाळायला परत पहिलीत येते. फिरत राहिली पाहिजे, बस्स. वाळू थांबली की गॅस बंद.

वाळू मी भाट्याच्या किनाऱ्यावरून आणली. फुकट! शेठसमोर त्यावर भाषणही ठोकलं.

तासाभरात टाकी गप्प. निवल्यावर झाकण उघडलं, तर आत वाळूची चिक्की! मीठ वितळून कण न् कण चिकटलेला. अरे गाढवा! घर बांधताना हीच खारी वाळू आणली म्हणून बाबू गवंड्याचा ट्रक मी शिव्या घालून परत पाठवला होता. भिंतीला चालत नाही, यंत्राला मात्र चालेल म्हणे!

शेठ म्हणाले, "उद्या शेवटचं."

एका दिवसात नदीची वाळू आणू कुठून? घरी येऊन मी कतारची बॅग काढली. अजराने, माझ्या बायकोने, आधी बॅगेकडे पाहिलं, मग अंगणात. तिथे ताडपत्रीखाली चिपळूणहून आणलेली वाशिष्ठीची वाळू होती, माडीवरच्या खोलीसाठी. खाडीकडे खिडकी असलेली ती खोली अजरा कधीपासून मनात बांधत होती.

"ही न्या," ती म्हणाली.

"आणि खोली?"

"खोलीत एकटी बसून काय करू? घोरायला कोणीतरी हवं ना!"

मला रडू आलं. मी ताडपत्री झाडायला लागलो.

दुसऱ्या दिवशी वाळू फिरली, निळी ज्योत लागली, रस आटला. नोकरी पक्की झाली.

आता अजरा दुपारी डबा घेऊन येते, यंत्राच्या काचेतून आत डोकावते आणि शेठसमोरच विचारते, "काय हो, आज माझी खिडकी कुठल्या टाकीत?"

मी पंखा तपासायला निघून जातो.