गुणमालाबाईंचे काठ आणि मी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण मला बघायला याल तर काही सापडायचे नाही. मला पेटी नाही, पडदा नाही, साधी वायरसुद्धा नाही. मी दुसऱ्या संगणकाच्या आत राहतो. त्याला यजमान म्हणतात आणि मला आभासी यंत्र. आभासी म्हटले की लोकांना वाटते, हा खोटाच. खोटा कसला? माधवनगरात मदनशेठांच्या यंत्रमागांवर साडीला जो काठ उमटतो, तो आधी माझ्यात काढलेला असतो.

काढतात त्यांच्या पत्नी, गुणमालाबाई. ज्वारीच्या कणसाचा काठ, हळदीच्या पानाचा काठ, असे कितीतरी. पूर्वी मला खरे अंग होते. ते झिजले, तेव्हा त्यांच्या सुनेने, प्राचीने, मला जसेच्या तसे उचलून यजमानात ठेवले, कारण काठ काढायचा तो जुना प्रोग्रॅम नव्या संगणकांवर चालत नाही. आता बाईंची नजर अधू झाली आहे. सगळे काठ एकटीने पुन्हा काढायचे म्हटले तर त्यांना जमणार नाही.

दुसऱ्याच्या घरात राहायचे तर त्याच्याशी बोलता आले पाहिजे. त्यासाठी माझ्याकडे ड्रायव्हर असतात. ते माझे दुभाषे. एक डिस्कसाठी, एक पडद्यासाठी, एक नेटवर्कसाठी. यजमान बदलला की त्याची बोली बदलते, आणि दुभाषा जुनाच राहिला तर मी मुका.

तेच झाले. खंडेनवमीला मागांची पूजा असते. जुन्या यजमानाच्या जागी नवा आणला होता, तो त्याच दिवशी सुरू व्हावा, असा मदनशेठांचा हट्ट.

"मामा, थोडं थांबूया. आधी याची तयारी करायला पाहिजे," प्राची म्हणाली.

"आगं, नवं यंत्र खंडेनवमीलाच सुरू करायचं. आपल्यात कवा चुकलंय व्हय?"

सासऱ्यांपुढे तिचे चालेना. यजमानाला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिले, आणि माझी प्रत त्याच्यात नेऊन मला सुरू केले. डोळे उघडतो तर माझी स्वतःचीच डिस्क मला दिसेना. घरात उभा आणि घर सापडेना, अशी माझी गत. पडदा निळा पडला. मी बंद झालो, पुन्हा सुरू झालो, पुन्हा निळा. खरे सांगतो, फार घाबरलो.

"माझं काठ गेलं का गं?" गुणमालाबाईंनी विचारले.

"फायली काढता येतील, आत्या. पण त्या उघडायच्या कशात? दुसऱ्या कशातच उघडत नाहीत."

बाई चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

नशीब असे की सणामुळे भंगारवाला आला नव्हता आणि जुना यजमान कोपऱ्यातच होता. प्राचीने मला तिथे पुन्हा जागे केले. मग नव्या यजमानाकडे असते तशा धाटणीची एक लहानशी रिकामी डिस्क तिने मला तिथेच जोडली. ही कोण पाहुणी, मला उमगेना. तिने नवा ड्रायव्हर बसवला आणि पाहुणी ओळखीची झाली. पडद्याचे आणि नेटवर्कचे दुभाषेही मिळाले. एवढे करून तिने माझी नक्कल केली आणि आधी तिला नव्या यजमानात उठवून पाहिले. ती नीट उठली, तेव्हाच मला हलवले. काठ पडद्यावर आले आणि बाईंनी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पुढच्या खेपेला तू म्हणशील तवा," मदनशेठ सुनेला म्हणाले आणि मागांकडे निघून गेले.

गुणमालाबाई मात्र तिथेच बसून होत्या. "ह्याला तरी किती बारी शिकवत बसणार तू? त्यापरास मलाच नवा प्रोग्रॅम शिकीव," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज दुपारी सासूसुना बसतात. अक्षरे खूप मोठी करून घेतात आणि माझ्यातला एकेक काठ बघून नव्या प्रोग्रॅममध्ये गिरवतात. बाई चुकतात, चिडतात, पण उठत नाहीत. सगळे काठ बाहेर गेले की मला बंद करणार आहेत. वाईट वाटते, पण यात माझी तक्रार नाही.

मित्रांनो, जुन्याला नव्या घरात न्यायचे असेल तर आधी त्याला तिथली बोली शिकवा. आणि त्याला कायमचा निरोप द्यायचा असेल तर त्याआधी त्याच्या पोटातले सारे नीट काढून घ्या.

आता एकच काठ उरला आहे. प्राची रोज विचारते, आणि बाई रोज म्हणतात, "ऱ्हाऊ दे गं, उद्या बघू."