काटा खाली होता

धाकूची बोट रविवारी सकाळी शीड लावून मढच्या किनाऱ्याकडे येताना दिसली, तेव्हाच इसिडोरने काय ते ओळखलं. इंजिनाची बोट शिडावर परतते, म्हणजे इंजिन गेलेलं असतं.

"जाम झालं!" धाकू पाण्यातूनच ओरडला. "पंपाचा पट्टा तुटला, पाणी फिरेना. आणि तुझा काटा काय दाखवत होता, माहितेय? चाळीस, सगळ्यात खालचा आकडा! धूर निघाला तरी चाळीस!"

इसिडोर अंधेरीच्या एका कारखान्यात पाइप जोडायच्या कामाला होता. सुट्टीच्या दिवशी गावातल्या बोटींची बारीकसारीक कामं करायचा. महिन्यापूर्वी त्याने दोन बोटींना इंजिन किती तापलं ते दाखवणारे काटे बसवले होते. एक धाकूच्या, एक व्हिक्टरच्या. व्हिक्टर त्याच्या धाकट्या बहिणीचा, कॉन्सेप्टाचा नवरा. तो शुक्रवारी पहाटे डहाणूच्या बाजूला मासेमारीला गेला होता.

"काटाच खराब निघाला असेल," इसिडोर म्हणाला आणि पाना घेऊन बोटीवर चढला.

इंजिनाच्या माथ्यात एक पितळी तुकडा आट्यांनी बसवलेला होता. बल्ब म्हणत त्याला. इंजिनातल्या पाण्याची उष्णता त्याला कळायची आणि तारेने काट्यापर्यंत जायची. इसिडोरने बल्बवरची तार काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. काटा सरकन शेवटच्या आकड्यावर गेला. म्हणजे काटाही ठीक आणि तारही ठीक.

"मग बल्ब गेला," तो म्हणाला.

बल्ब खोलून काढला. स्टोव्हवर पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. बल्बला काट्याची तार जोडली, दुसरी एक तार त्याच्या पितळी डोक्याला गुंडाळून इंजिनाला बांधली, आणि पकडीत धरून तो उकळत्या पाण्यात बुडवला. काटा हलला. साठ. ऐंशी. शंभरपाशी जाऊन थांबला.

"चांगलाय की रे!" धाकू म्हणाला.

बल्बच्या डोक्याला गुंडाळलेली तार इसिडोरने सोडवली आणि तिचं टोक खाली आट्यांवर दाबून धरलं. काटा पडला. पुन्हा डोक्याला लावली, चढला. आट्यांवर धरली, पडला.

आट्यांवर सुतळीचे जाड वेढे होते आणि त्यावर सफेदा फासलेला. पाइप गळू नये म्हणून कारखान्यात तो रोज असंच करायचा. इथेही त्याने मन लावून केलं होतं. थेंबभर गळती नव्हती. पण बल्बमधली वीज आट्यांतूनच इंजिनाच्या लोखंडात उतरते, आणि सुतळी-सफेद्यामुळे ते आटे लोखंडाला भिडलेच नव्हते.

"व्हिक्टरच्या बोटीतपण असंच केलंस?" धाकूने हळूच विचारलं.

इसिडोरने होकारार्थी मान हलवली.

तो तसाच बहिणीच्या घरी धावला. कॉन्सेप्टा नुकतीच चर्चमधून, रविवारच्या मिस्साहून आली होती. "व्हिक्टर संध्याकाळपर्यंत येतो म्हणालाय," ती हसत म्हणाली, आणि भावाचं तोंड बघून थांबली. त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे इंजिन तापलं तरी काटा थंड दाखवणार?"

"हो."

"आणि तो काट्यावर विसंबणार. तूच बसवलाय म्हणून."

"हो गं."

"मग इथे उभा काय राहिलास?"

गावातल्या फ्रेडीची बोट तयार होती. फ्रेडी, धाकू आणि इसिडोर तिघे निघाले. वसईपर्यंत गेले, अर्नाळ्याच्या पुढे गेले. वाटेत दिसेल त्या बोटीला हाका मारून विचारलं. कुणीच व्हिक्टरला पाहिलं नव्हतं. इसिडोर बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून प्रत्येक शिडाकडे बघत होता, आणि प्रत्येक शीड दुसऱ्याचं निघत होतं. ऊन उतरायला लागलं तशी फ्रेडीने बोट वळवली.

"अजून थोडं, फ्रेडी. पाया पडतो तुझ्या."

"डिझेल संपलं तर आपल्याला कोण शोधायला येणार?"

इसिडोर खाली बसला. परत येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

सोमवारी दुपारी निरोप आला. अर्नाळ्याच्या एका बोटीने व्हिक्टरची बोट ओढून आणली होती. त्याच्याबरोबरचे दोन्ही खलाशी धड होते. व्हिक्टरला बोरिवलीच्या इस्पितळात नेलं होतं.

इसिडोर तिथे पोचला तेव्हा त्याचा चेहरा पट्ट्यांत गुंडाळलेला होता. उजवा डोळा तेवढा उघडा. कॉन्सेप्टा उशाशी बसली होती.

"आवाज जड यायला लागला," व्हिक्टर तुटक बोलत होता. "काट्याकडे बघितलं. खाली होता. म्हटलं, थंड आहे तर इंजिनाच्या पाण्याचं टोपण उघडून बघू. आणि सगळी वाफ तोंडावर..."

कॉन्सेप्टाने भावाकडे पाहिलं. तिने नवऱ्याला अजून काही सांगितलं नव्हतं, हे इसिडोरला कळलं. तो पलंगाची कड धरून उभा राहिला.

"काटा खोटा होता, व्हिक्टर. मी चुकीचा बसवला. धाकूच्या बोटीचापण."



"हात लावून बघायला हवं होतं मी," व्हिक्टर म्हणाला.

"नाही. काटा खाली असताना हात कोण लावतं? तुझं काही चुकलं नाही."

व्हिक्टरने तोंड भिंतीकडे वळवलं. "जा आता," एवढंच म्हणाला.

चार दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं की डावा डोळा वाचणार नाही. इसिडोर त्या दिवशीही गेला. कारखाना सुटला की तो रोज जायचा. कॉन्सेप्टा त्याच्याशी बोलत नसे. पण तो आला की पिशवी उचलायची आणि मुलांना जेवू घालायला घरी जायची. ती परत येईपर्यंत इसिडोर व्हिक्टरपाशी बसून राहायचा, आणि व्हिक्टरने पाणी मागितलं की पेला त्याच्या ओठांशी धरायचा.