पूर्वेला निघालेलं चंद्रपूर

मी हेलिकॉप्टरच्या वैमानिकांपुढे बसलेला वाट दाखवणारा संगणक. वाट दाखवतो म्हणजे फार शहाणा असेन, असं समजू नका. ज्या जागेचे आकडे द्याल तिथवर मी पडद्यावर रेघ ओढतो आणि खाली विचारतो, 'नक्की?' एवढीच माझी अक्कल.

जन्म परदेशातल्या थंडगार कारखान्यात झाला आणि नोकरी लागली चंद्रपूरच्या उन्हात. गडचिरोलीच्या जंगलातून आजाऱ्यांना उचलून आणायचं, हे आमचं काम. मला घडवणाऱ्यांनी नियम घालून दिला होता: एकाने आकडे भरायचे, दुसऱ्याने ते मोठ्याने वाचून नकाशाशी ताडायचे, मगच बटण दाबायचं. पण त्या बिचाऱ्यांना नागभीड ठाऊक नव्हतं.

आमचे मुख्य वैमानिक प्रफुलभाऊ नागभीडचे. सहवैमानिक रुपालीही तिथलीच, भाऊंच्या मित्राची मुलगी. पहिल्याच दिवशी तिने 'सर' म्हटलं, तर भाऊ हसले. "सर काऊन म्हणतं वो? आपून एकाच गावचे. भाऊ म्हन."

झालं! सरांना एकवेळ टोकता येतं. गावच्या भाऊंना कोण टोकणार? भाऊ आकडे भरायचे, रुपाली न वाचताच "हो भाऊ" म्हणायची, आणि गप्पा वडशाला रात्रभर रंगणाऱ्या नाटकांवर यायच्या. नाटकातले संवाद दोघं मोठमोठ्याने म्हणायचे. माझ्या आकड्यांच्या नशिबी ते भाग्य नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात मुलचेऱ्याकडच्या एका गावातून सुकरी नावाच्या अडलेल्या बाळंतिणीला घेतलं. सोबत तिची सासू आशाबाई. चंद्रपूरच्या दवाखान्यामागचं मैदान माझ्या आठवणीत नव्हतं, म्हणून भाऊंनी आकडे हाताने भरले. आठवडाभर ते पूर्वेकडच्या जंगलात जात होते. तिकडचे रेखांश ऐंशीने सुरू होतात, चंद्रपूरचा एकोणऐंशीने. बोटांना सवय लागलेली, त्यांनी ऐंशीच भरला. मी इमानेइतबारे पूर्वेकडच्या जंगलात रेघ ओढली आणि विचारलं, 'नक्की?'

"हो भाऊ," रुपाली म्हणाली. बटण दाबलं गेलं.

खाली नुसते ढग होते. मागे सुकरी कण्हत होती.

"अजून किती दूर हाये वो बाई?" आशाबाईने विचारलं.

सांगायला म्हणून रुपालीने पडद्याकडे पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. तिने भाऊंकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. मला तोंड असतं तर मीच ओरडलो असतो. तेवढ्यात सुकरी किंचाळली.

"भाऊ, आपून चुकून राह्यलो! रेघ पूर्वेले हाये. चंद्रपूर तं पश्चिमेले."

भाऊंचा चेहरा तापला. पण त्यांनी हेलिकॉप्टर वळवलं. "आता तू भर. मी वाचतो." आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझा एकेक आकडा कोणीतरी मोठ्याने वाचला. ऐकून मी सुखावलो, खोटं कशाला बोलू?

सुकरी वाचली, तिची मुलगीही. संध्याकाळी भाऊ रुपालीजवळ येऊन बसले. "पोरी, माही लाज राखाच्या नादात दोन जीव गेले असते. जाऊ द्याची होती माही लाज." तिला रडू आलं, आणि भाऊंनाही.

आता माझा पडदा कडेने पिवळा पडलाय. लवकरच माझ्या जागी नवा संगणक येईल, माझ्याहून चपळ, माझ्याहून देखणा. त्याला खुशाल जीव लावा, पण त्याचे आकडे एकमेकांना वाचून दाखवा. नाहीतर तोही तुम्हाला चुकीच्या जागी नेईल, आणि तेही अगदी अचूक.