शिक्क्याच्या आतले ओरखडे

प्रीती शनिवारी न सांगता केदारखेड्याला आली आणि ताटाला हातही न लावता म्हणाली, "बाबा, माझ्या हातून शिक्का तुटला."

माझी ही लेक समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात नोकरीला आहे. वापरलेलं इंधन तिथे खोल पाण्याच्या हौदात ठेवतात. ते बॉम्बसाठी कुणी पळवू नये म्हणून व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुसंस्थेची माणसं येऊन मोजतात आणि हौदाच्या झाकणाला तार ओवून आपला शिक्का लावतात. शिडी सरकवताना ती तार प्रीतीकडून तुटली. पाहिलं कुणीच नव्हतं, हिनेच जाऊन साहेबांना सांगितलं. आता सोमवारी पुन्हा सगळी मोजणी. एक नग जरी कमी भरला तरी हिची नोकरी गेली.

मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीत तीस वर्षं पोत्यांना शिक्के मारले. माझं डोकंच सणकलं. "येडी का खुळी तू? गुपचूप दुसरा लावायचा व्हता. कोणाला कळून राह्यलं?"

"न्हाई बाबा. लावायच्या आधी शिक्क्याच्या आत ओरखडे मारतात अन् त्याचा फोटो काढून ठेवतात. बराबर तसेच ओरखडे पुन्हा कोणालाच जमत न्हाईत. ज्यानं मारले त्यालाबी."

मी जरा नरमलो. "मंग मोजतात कसं? पाण्यात उतरून?"

ती आल्यापासून पहिल्यांदा हसली. "वरून दुर्बिणीतून बघतात. खरं इंधन असलं की भोवतालचं पाणी निळं उजळतं. वर्षानुवर्षं. खोटं ठेवलं तर बिलकुल न्हाई."

जन्मभर मी साहेबांच्या सह्या बघितल्या, आणि इथे साक्ष द्यायला खुद्द पाणी! आमची पोरगी त्या पाण्याच्या काठावर उभी राहते, याचं नवल काही केल्या सरेना. रविवारी मी दोनदा विहिरीत डोकावून आलो. बायकोने विचारलं, काय पडलं?

सोमवारी संध्याकाळी फोन आला. "बाबा, सगळे उजळले. एकबी कमी न्हाई."

मला रडू फुटलं. त्या भरात, तिच्या आईलाही कधी न सांगितलेलं बोलून गेलो. "पोरी, गोदामात शिक्के तुटल्ते एकदा. चाळीस पोती. आत न बघताच मी दुसरे मारले."

तिने विचारलं, "काय व्हतं?"

"सोयाबीन."

"उगवलं का?"

"इचारायला गेलो न्हाई," मी म्हणालो.