माशाने थुंकलेली गोळी

रविवारी सकाळी डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. लग्नाला येत नाहीत एवढी माणसं एका माशाच्या दर्शनाला आली होती. मासा काचेच्या टाकीत होता, हातभर लांब आणि भगव्या रंगाचा. टाकीला कडुलिंबाच्या डहाळ्यांचं तोरण होतं आणि शेजारी पाटावर मत्स्यानंद महाराज बसले होते.

"पहिला अवतार कोणता?" महाराजांनी विचारलं.

"मत्स्य!" हॉल एका सुरात ओरडला.

"प्रलयात वेद कोणी वाचवले? एमबीबीएसवाल्या डॉक्टरने?"

सगळे हसले.

"मग ज्याला वेद ओळखता आले, त्याला तुमची गोळी ओळखता येणार नाही? बोला, पहिला नंबर कोणाचा?"

पहिला नंबर आमच्या शेजारच्या पुष्पाबाईंचा होता. त्यांना साखरेचा आजार. त्यांनी घरून आणलेल्या पिठात दवाखान्याची गोळी कुटून घातली, सुपारीएवढा गोळा वळला आणि पाण्यात सोडला. गोळा माशाच्या तोंडापासून चार बोटं लांब होता. मासा जागचा हलला नाही, फक्त त्याचं तोंड क्षणभर नळीसारखं पुढे आलं, आणि गोळा आपण होऊन आत गेला. "ओढला! मंत्राने ओढला!" बायकांनी हात जोडले. दोन क्षणांनी माशाने गोळा बाहेर थुंकला.

"विष!" महाराज गरजले. "दवाखाना तुला विष देतोय, माई!"

मग त्याच पिठाच्या दुसऱ्या गोळ्यात महाराजांनी पितळी डबीतलं चिमूटभर 'अमृतचूर्ण' घातलं. मासा तो गोळा गटकन गिळून मोकळा झाला, आणि चूर्णाची पुडी पुष्पाबाईंच्या पदरात पडली.

मी भिंतीला टेकून हे बघत होते. मीही नंबर लावला होता. भक्तीने नव्हे, संतापाने. आणि खरं सांगायचं तर भीतीनेही.

माझं नाव हर्षदा. आमचं मूळ गाव धुळ्याकडचं, पण पोटासाठी या गुजराती मुलखात आलेलो. वडिलांनी इथल्याच पांडेसऱ्यातल्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये हयात घालवली, आता धाकटा भाऊ चेतन तिथेच लागलाय. मी सहा वर्षं दक्षिणेतल्या एका संस्थेत माशांच्या तोंडावर संशोधन करते. मासे तोंड कसं उघडतात, काय गिळतात, काय टाकतात, कोट्यवधी वर्षांत त्यांचे जबडे कसे बदलत गेले, हा माझा विषय. सोसायटीत मला 'मासळीवाली मॅडम' म्हणतात. म्हणू देत.

राखीला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी दहा दिवस उशिरा, शुक्रवारी, घरी आले. चेतनला चार महिन्यांपासून टीबीचं औषध चालू होतं. राखी बांधताना त्याचं मनगट माझ्या बोटांत सहज मावलं.

"ताई, हवे सारूं छे, आता बरंय, टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला आणि रुमालात खोकला. रुमालावर लाल ठिपके उमटले.

मी फळीवरून या महिन्याच्या गोळ्यांची पाकिटं काढली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"माशानी थुकी दिन्ही," आई म्हणाली. मी पाकिटं तिच्यापुढे धरली.

"कितला दिन झायात?" मी विचारलं.

"अठरा."

अठरा दिवस! अर्ध्यात सोडलेला टीबी उलटून येतो आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही, हे दवाखान्यातल्या भिंतीवरसुद्धा लिहिलेलं असतं. पण आईची समजूत पक्की होती आणि तिला कारणही होतं. महाराजांनी पीठ मागवलं होतं ते कानबाईच्या रोटांचं. आमच्यात ते पीठ म्हणजे घरच्या देवीचं. गहू आपण निवडायचे, आपण दळायचे, परक्याचा हात लागू द्यायचा नाही. पीठ आपलं, मळणारे हात आपले, गोळी दवाखान्याची. मग लबाडी शिरणार कुठून? असा विचार करून आख्ख्या खान्देशी वस्तीने माशावर भरवसा टाकला होता. लबाडी चिमटीतून शिरत होती आणि लोक पिठाकडे बघत होते.

शनिवारी मी आईच्या देव्हाऱ्यातली चूर्णाची पुडी उघडली. वर सुंठ आणि गुळाचा वास होता. त्याच्या खाली दुसरा एक वास होता, तो मला झोपेतही ओळखता येईल. चिमूटभर चूर्ण पाण्यात टाकून भिंगाखाली धरलं आणि मी कपाळाला हात लावला.

तर रविवारी माझा नंबर आला. मी आईच्या डब्यातलं पीठ घेतलं, माझी पूड मिसळली आणि गोळा टाकीत सोडला. माशाने तो ओढला, चघळला आणि थुंकला.

"विष!" महाराज म्हणाले. "कोणी दिलं हे औषध, बेटी?"

"तुम्हीच. तुमच्या तोरणातला निंब आहे. मघाशी रांगेतच चुरून घेतला."

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"नास्तिकाच्या हाताने देव घेत नसतो!" महाराज सावरले.

"देव नाही, कार्प मासा आहे. आपल्या रोहूचा भाऊबंद. शोभेच्या माशांच्या दुकानात असा रंगीत मिळतो." मी लोकांकडे वळले. "याच्या जबड्यात एकही दात नाही, दात घशात आहेत. तळाचा चिखल तोंडात घ्यायचा, टाळूने चव घेऊन चाळायचा, खाण्यासारखं तेवढं घशाकडे सारायचं आणि बाकीचं थुंकायचं, हा त्याचा रोजचा धंदा. कडू लागलं की थुंकणार. आणि औषधाची कुठली गोळी गोड असते?"

"मंग लांबथून ओढस कसा?" पुष्पाबाईंनी विचारलं.

मी पाण्याची रिकामी बाटली हातात दाबली, टाकीशेजारच्या पाण्याच्या बादलीत, तोरणातून गळलेल्या पानाजवळ धरली आणि बोटं सैल केली. बाटली पुन्हा फुगली, पाणी आत घुसलं आणि ते पान त्याच्याबरोबर आत गेलं. "माशाचं तोंड असंच आहे. गाल एकदम फुगवतो, पाणी आत जातं, पाण्याबरोबर गोळा जातो. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, म्हणून मंत्र वाटतो. टाकीतला प्रत्येक मासा हे करतो, महाराज असोत की नसोत."

चार-पाच माना डोलल्या. बाकीचे चेहरे कोरे होते. एवढ्याने काही होणार नाही हे मला दिसत होतं, म्हणून मी चूर्णाची पुडी आणि भिंग पुष्पाबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. "हाई काय शे? काळा ठिपका... पाय शेतस का हाऊ?"

"जवळ्याचा डोळा आहे, मावशी. आणि पाय. आणि मिशी. सुकवून कुटलेला जवळा, वरून सुंठ-गूळ. माशाला वास आवडतो म्हणून तो गिळतो."

पुष्पाबाईंचा चेहरा बघता बघता लाल झाला. "मेल्या! सरावन महिनामा माले जवळा खावाडा तू?"

मग काय विचारता! बायका उठल्या, पुड्या भिरकावल्या गेल्या, पाट उलटला. महाराज मागच्या दाराने रिक्षात बसून पसार झाले. पाटाखाली सापडलेली डबी लोकांनी पायांनी चेचली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. या गर्दीतले कितीतरी जण औषध सोडून बसले होते, त्याचा राग कोणाला आला नाही. श्रावण बाटला, त्याचा आला. उद्या एखादा महाराज खोबऱ्याचं चूर्ण घेऊन आला, तर हीच माणसं पुन्हा पीठ मळून आणतील.

सोमवारी चेतनला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी किती दिवस खंड पडला ते विचारलं, लिहून घेतलं, थुंकी तपासायला पाठवली. जुनी औषधं लागू पडतील की नाही, ते रिपोर्ट आल्यावर कळेल, म्हणाले. चेतन आत एक्स-रेला गेला. आई आणि मी बाकावर बसलो. तीन दिवस साठलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. घरात माशांवर सहा वर्षं घालवलेली पोरगी असताना तू एका भोंदूला विचारायला गेलीस, मला एक फोन करवला नाही तुला?

आई पदराचं टोक पिळू लागली.

"मी तुनंच ऐकीसन गऊ, पोरी," ती म्हणाली.

"मनं?"

"दिवाळीले तूच फोनवर सांगं व्हतं ना. मासा तोंडमा लेस, पारखस, वाईट ऱ्हास ते थुकी देस. मी सगळास्ले सांगं, मनी आंडेर, मनी पोर, हाईच शिकेल शे. तो महाराज तेच बोलना. माले वाटनं, मनी पोरनं खरं निंघनं."

मला तो फोन आठवला. मी बसची वाट बघत होते, तिने विचारलं होतं, तू तिथे काय करतेस गं बेटा? आणि मी दोन वाक्यांत तिची बोळवण केली होती. 'वाईट' म्हणजे माशाच्या जिभेला वाईट, माणसाच्या फुप्फुसाला नव्हे, हे सांगायला आणखी एक मिनिट लागलं असतं. बस आली होती.

त्या बाकावर मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, आमच्या बोलीत. ती मध्येमध्ये प्रश्न विचारत होती, आणि चांगले प्रश्न विचारत होती. गोळी कडूच का बनवतात, तेही तिने विचारलं. महाराजाला हा एक प्रश्न कोणी विचारला असता तरी पुरे होतं.

म्हणून हे लिहिते आहे. मासा कडू थुंकतो, कारण त्याला तेवढंच येतं. आपल्याला विचारता येतं. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, डबीत काय आहे, चिमूट कोणाची आहे, हेच दुसऱ्याने केलं तर होतं का. औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका, मग सांगणारा मासा असो, महाराज असो की सख्खी लेक. आणि ज्यांना थोडंफार ठाऊक आहे, त्यांनी आपल्या माणसांना अर्धं सांगून फोन ठेवू नये. ते अर्धं माझ्या आईने जिवापाड जपलं होतं. चेतनचा रिपोर्ट यायचा आहे.