ताप कळवा

"हिला कुणी बोलावतच नाही, काका," ती खुर्ची वळवून म्हणाली. पण काकांची जागा रिकामी होती. ते डोळ्यांत थेंब घालून घ्यायला दवाखान्यात गेले होते.

संगणकाच्या पडद्यावर 'ताप कळवा' ही मेथड होती, प्रोग्राममधला एकच काम करणारा छोटा तुकडा. पाळणाघरांतून आईबापांच्या फोनवर निरोप धाडणाऱ्या, काकांनी फार पूर्वी लिहिलेल्या प्रोग्राममधली अडगळ काढायचं काम साहेबांनी तिच्यावर सोपवलं होतं. सगळं धुंडाळून झालं, तरी या मेथडला कुठूनच हाक जाताना दिसेना. "माझं काही काढशील तर आधी विचार गं बाई," असा काकांचा दंडक होता. पण खालचं, तिच्या लेकीचं पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली होती. उशीर झाला की लेक दाराशी रडून लालबुंद होते. तिनं मेथड पुसली आणि पर्स उचलली.

त्याच दुपारी त्याच प्रोग्रामनं तिला निरोप धाडला होता: 'बाळ झोपलं. तुम्हीही जरा टेका.' तो आला की ती रोज घटकाभर खुर्चीला पाठ टेकायची. निरोपांची ही वाक्यं काकांचीच.

प्रोग्रामच्या चाचण्या बिनबोभाट पार पडल्या. चाचणीतली लुटुपुटूची मुलं जेवतात, झोपतात; त्यांना ताप कधी येत नाही.

मग एका पाळणाघरातलं पोर तापलं. तिथल्या बाईंनी पडद्यावर 'ताप' दाबलं आणि निरोप गेला, आई येईलच म्हणून त्या ओल्या पट्ट्या ठेवत बसल्या. आई आली ती नेहमीच्या वेळी, संध्याकाळी. रस्त्यात पोराला झटका आला. जिवावरचं निभावलं, पण दुसऱ्या दिवशी त्या आईचा फोन साहेबांनी सगळ्यांसमोर स्पीकरवर लावला. "मी समोरच्याच इमारतीत होते हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पडदा नाकाशी ओढला आणि लगेच ओळखलं.

"अगं, हिला हाक मारणारी ओळ तुला सापडणारच नाही. बाई जो शब्द दाबतात त्याला प्रोग्राम 'कळवा' जोडतो, आणि त्या नावाची मेथड आहे का ते चालता चालता स्वतःच शोधून तिला बोलावतो. रिफ्लेक्शन म्हणतात त्याला. ही आपली घरातल्या थर्मामीटरसारखी. एरवी कुणी विचारत नाही."

"आणि नाहीच सापडली तर?"

"तर गप्प बसतो." काकांनी चष्मा खाली ओढला. "ते माझं चुकलं. ओरडायला शिकवायला हवं होतं त्याला."

"सर, पुसली मी," ती साहेबांना म्हणाली. "काकांना न विचारता."

"दिसत नव्हती म्हणून पुसलीस. तू कशाला जिवाला लावून घेतेस?" साहेब काकांकडे वळले. "काका, हे आडून हाका मारणं आता पुरे. सगळं नवीन, सरळ लिहून घेऊ. तुम्हीही थकलात."

"खरंय तुमचं," काका म्हणाले. तिला वाटलं, त्यांनी भांडावं. निदान आपल्यावर तरी डाफरावं. ते 'ताप कळवा' परत जागेवर ठेवत होते, एकेक अक्षर, एका बोटानं. 'अंग गरम आहे. घाबरू नका, पण लगेच या.'

नोकरी सोडून जाताना त्यांनी तिच्या लेकीसाठी म्हणून खोडरबर टेबलावर ठेवलं. "तुला नाही देत. तू काहीही पुसतेस," म्हणून हसले. तिला हसता आलं नाही.

नवा प्रोग्राम चोख होता. कोण कुणाला बोलावतं ते ओळीओळीत दिसायचं. ताप, पडणं, उलटी, एकही निरोप चुकत नव्हता. साहेबांचं चुकलं असं तिला म्हणताही येईना.

दुपारी फोन थरथरला. तिनं सवयीनं खुर्ची मागे ढकलली, पाठ सैल सोडली आणि वाचलं.

'स्थिती: झोप.'

ती तशीच ताठ झाली आणि पुन्हा कामाला लागली.