नाल्याचा रस्ता कोणी निवडला?

आपल्या पोरांच्या हातून काही मोठं चुकलं, तर आपण पहिलं वाक्य कोणतं बोलतो? खरं सांगा, इथं सगळे आपलेच आहेत. 'कसं झालं?' हे नंतर. 'कोणाला लागलं का?' हेही नंतर. आधी विचारतो, 'कोणाला सांगितलं तर नाहीस ना?'

धुळ्याच्या देवपूर भागात राहणाऱ्या देवचंद बैसाणे यांनीही तेच विचारलं. माणूस वाईट नव्हे हो! सरकारी कार्यालयातले कारकून, सरळमार्गी, गल्लीत कोणी आजारी पडलं तर रिक्षा बोलवायला सगळ्यांच्या आधी धावणारे. पण नोकरीत एक विद्या त्यांनी अंगी बाणवली होती. समोर अडचणीचं काही आलं की म्हणायचं, "माझ्याकडे नाही, साहेबांना विचारा." चौकशीत जो आधी तोंड उघडतो तोच अडकतो, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि बापाचं मत लेकरांच्या अंगात मुरायला वेळ लागत नाही.

त्यांची मुलगी सपना कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. हुशार, पण कोणी काही विचारलं की आधी बापाकडे बघणार. डॉक्टरांनी विचारावं, 'कुठं दुखतंय?' आणि उत्तर द्यावं तिच्या आईनं, लिलाबाईनं. पाहुण्यांनी विचारावं, 'पुढं काय करणार?' आणि उत्तर द्यावं देवचंदनी. एवढी मोठी पोर, पण स्वतःच्या तोंडानं कधी रिक्षा थांबवलेली नाही.

अशा पोरीला ममता मॅडमनी साहस शिबिराला नेलं. मॅडम कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायच्या, म्हणजे आज आहेत, उद्या नाहीत. तरी दरवर्षी मुलींना घेऊन त्या चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी जायच्या. दोरानं कडा उतरायचा, नकाशा बघून वाट काढायची, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजायची. त्यांचा एक नियम होता. रोज एक मुलगी म्होरकी. वाट तिनं ठरवायची, कुठं थांबायचं ते तिनं सांगायचं. मॅडम सगळ्यांच्या मागे चालणार.

सपनाची पाळी शेवटच्या दिवशी आली. सकाळी तिनं नकाशा दोनदा उलटा धरला. पण दुपारपर्यंत तिनं सगळ्यांना दोन टेकड्या पार करून दिल्या, भांडणाऱ्या मुलींची समजूत काढली, उरलेलं पाणी सारखं वाटलं. तिला वाटलं, अरेच्चा, मला तर येतं की हे! जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःचा आवाज आवडला.

परतायला दोन वाटा होत्या. एक बैलगाडीची, लांबची. दुसरी नाल्यातून उतरणारी, जवळची. सपना म्हणाली, "नाल्यातून जाऊ."

तिची मैत्रीण रुपली त्याच डोंगरातली, पावरा आदिवासींच्या वस्तीतली, धुळ्याला वसतिगृहात राहून शिकणारी. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "नको गं. तिथं दगड सुटे असतात. गाडीवाटेनं जाऊ."

"आज म्होरकी कोण आहे, तू का मी?" सपना हसत म्हणाली.

मागून मॅडमनी विचारलं, "सपना, नक्की ना?"

"नक्की, मॅडम!"

रुपली जाऊन रांगेत उभी राहिली. आणि नाल्यात तिच्याच पायाखालचा दगड निसटला.

त्यानंतर जे झालं ते सपनाला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. रुपलीची किंकाळी. दोन लाकडांना ओढण्या बांधून केलेली डोली. खांदे बदलत खाली उतरलेल्या मुली. चोपड्याहून धुळ्याकडे निघालेली गाडी. मांडीचं हाड मोडलं होतं आणि कमरेला जबर मार होता. डॉक्टर म्हणाले, "पोरगी पुन्हा चालेल का, ते आज सांगता येत नाही."

देवचंद धावत दवाखान्यात आले, लेकीला कोपऱ्यात नेलं आणि विचारलं, "कोणाला काही सांगितलं तर नाहीस ना?" तिनं 'नाही' म्हणून मान हलवली. त्यांनी तिला तसंच उचलून घरी आणलं.

घरी आल्यावर सपनानं सगळं सांगितलं. रुपलीनं नको म्हटलं होतं, हेसुद्धा. ते ऐकून देवचंद उठून दार लावून आले.

"हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही! मॅडमनी प्राचार्यांना स्वतःच सांगितलंय, 'रस्ता मी निवडला' म्हणून. झालं तर मग! आपोआप सुटलीस तू."

"पण पप्पा, ते खरं नाही. त्यांची नोकरी जाईल."

"जाऊ दे. पोलीस केस झाली तर तुला कोण नोकरीला उभं करेल? आपल्यामागं कोणी मामा-काका साहेब होऊन बसलेला नाही, बाई! तुझे आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, तेव्हा मी टेबलाशी बसलो. आपण एकदा पडलो की कोणी उचलायला येत नाही."

त्यांची भीती खोटी नव्हती, हे आपणही मान्य करू. ज्याच्या घराला वर यायला दोन पिढ्या लागतात, त्याला घसरण्याची धास्ती जास्तच असते.

"मग मला एकदा रुपलीला तरी भेटू द्या," सपना रडत म्हणाली.

"दवाखान्याकडे फिरकायचंसुद्धा नाही. तिचा बाप तिथंच बसलाय."

सपनानं अंथरूण धरलं. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. डोळा लागला की दचकून उठायची. लिलाबाई डोक्यावरून हात फिरवायला गेली की म्हणायची, "आई, मी आता कधीच कोणाच्या पुढं चालणार नाही. मला कोणी काही विचारू नका. तुम्हीच सांगत जा माझं." लिलाबाईच्या काळजाचं पाणी व्हायचं. हसतीखेळती पोर डोंगरावर पाठवली आणि परत आली ती ही अशी! ती रागानं मॅडमला शिव्या घालायची, मग स्वतःलाच दोष द्यायची. देवचंद बैठकीत टीव्ही लावून बसायचे. काय चाललंय टीव्हीवर ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बाकी मुलींच्या घरीही हेच चाललं होतं. सगळ्यांच्या आईबापांनी सगळ्यांना गप्प बसवलं होतं.

कॉलेजनं अपघाताची चौकशी ठेवली होती. तिच्या आदल्या दिवशी सुनंदाबाई आल्या. देवचंदची मोठी बहीण, धुळे आगारात एसटीची कंडक्टर. ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच आल्या होत्या. भाचीकडे बघितलं, आणि पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

"भाऊ, हे काय करून ठेवलं तू पोरीचं?"

"अक्का, मी काय केलं? मी तिला वाचवतोय!"

"कशापासून?"

देवचंदनी सगळं सांगितलं. सुनंदाबाईंनी खांद्यावरची तिकिटांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आयक. माझ्या गाडीत घंटी कोण मारतं? मी. ड्रायव्हर चाक धरतो, पण घंटीशिवाय गाडी हलत नाही. कोणी पायरीवरून पडलं, तर ड्रायव्हरचा जबाब वेगळा आणि माझा वेगळा. मी म्हणाले, 'मला माहीत नाही, ड्रायव्हरला विचारा,' तर उद्या कोणता ड्रायव्हर माझ्या घंटीवर गाडी सोडेल?"

"ती पोर आहे, अक्का. ती काय कंडक्टर आहे?"

"पोर आहे म्हणूनच शिकायला पाठवली होती ना? मॅडमनं तिच्या हातात घंटी दिली. तिनं मारली. मॅडमनं थांबवायला हवं होतं, तो मॅडमचा वाटा, तो ती घेतेय. तुझ्या पोरीचा वाटा कोण घेणार?"

"अगं, मोठमोठे लोक सुटतात हात झटकून! आमच्याच पोरीनं का मान द्यायची?"

"कारण तिच्यानं झटकलं जात नाहीये!" सुनंदाबाई ओरडल्याच. "बघ तिच्याकडं! तुले दिसत नही का? पोर मरी राहिनी, भाऊ! केस होईल तेव्हा होईल. तोपर्यंत काय उरेल तिचं?"

देवचंदही पेटले. "तुझ्या पोटची असती तर बोलली नसतीस अशी!"

लेकरू नसलेल्या बाईला हे बोलणं कुठं लागलं असेल, ते सांगायला नको. सुनंदाबाई उठल्या. दारात चप्पल घालताना एवढंच म्हणाल्या, "नाही माझ्या पोटची. पण मला तिची काळजी वाटते, आणि तुला तिच्या नोकरीची." आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात सगळे जमले. प्राचार्य, दोन प्राध्यापक, मुली, त्यांचे आईबाप. पुढच्या खुर्चीवर रुपलीचा बाप सुका पावरा, अंगावर प्रवासात चुरगळलेला सदरा. ममता मॅडम उभ्या होत्या. चार शब्दांत त्यांनी संपवलं. "रस्ता मी निवडला. चूक माझी आहे."

प्राचार्यांनी विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?"

आईबापांनी पोरींचे हात धरून ठेवले. देवचंद अर्धवट उठले. "साहेब, आमचं काही म्हणणं नाही. मुलीला बरं नाही, आम्ही निघतो." त्यांनी सपनाचा दंड धरला.

सपनानं दंड सोडवून घेतला!

"सर, रस्ता मी निवडला."

"सपना, खाली बस," मॅडम घाईनं म्हणाल्या.

"नाही, मॅडम. मी म्होरकी होते. रुपली म्हणाली होती, नाल्यातून नको, दगड सुटे आहेत. मी तिची थट्टा केली. मला मिरवायचं होतं, सर. मॅडम, तुम्ही 'नक्की ना' असं विचारलं, तेव्हा मी तिचं म्हणणं तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही." तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "तिचं ऐकलं असतं तर ती आज चालत असती."

सभागृहात गलका उठला. प्राचार्य म्हणाले, "बाळ, विचार करून बोल. मॅडमनी जबाबदारी घेतली आहे. तू विनाकारण अडकशील."

तेव्हा सुका उठला.  "बोलू द्या तिले! मनी पोर दवाखान्यात पडेल शे. मी बठ्ठास्ले, एकेकले विचारी राहिनू, तठे डोंगरवर काय व्हयनं? जो तो म्हणस, माले माहीत नही, साहेबले विचारा. साहेब म्हणस, वरतीन आदेश नही. अरे, मी बाप शे तिना! माले कोणी तरी सांगा!" मग तो सपनाकडे वळला आणि ओरडून रडला, "उठी का मनी पोर? तू सांग, उठी का?"

सपना खुर्च्यांमधून पुढं आली. ती हात जोडून नुसती उभी राहिली.

माझ्याकडे नाही, साहेबांना विचारा! आयुष्यभर देवचंद हे वाक्य टेबलाच्या अलीकडून बोलत आले होते. पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात ते कसं शिरतं, हे त्यांनी आज पाहिलं. आणि अरेरे, हेच वाक्य आपण आपल्या लेकीच्या घशात कोंबत होतो!

ते सावकाश पुढं गेले. सुकासमोर उभे राहिले. "दादा, ती पहिल्याच दिवशी सांगणार होती. तुमच्या पोरीला भेटायला येणार होती. मी घरात कोंडली तिला. मला माफ करा असं म्हणायचं तोंड नाही मला. पण साहेब, माझ्या पोरीचा जबाब लिहून घ्या. जे व्हायचं ते होऊ द्या. मी तिच्यासोबत आहे."

एवढं झाल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, रुपलीचं बोलणं मीपण ऐकलं होतं. मीपण गप्प बसले." मग दुसरी उठली. त्यांच्या आया ओढण्या धरून खेचत राहिल्या, पण कोणी बसेना.

संध्याकाळी देवचंद लेकीला घेऊन दवाखान्यात गेले. रुपली पडून होती, पायाला वजन बांधलेलं. सपनाला बघून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. सपना खाटेपाशी जमिनीवर बसली. "रुपले, तू नको म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. मी सगळ्यांसमोर सांगून आलेय."

रुपलीनं चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग भिंतीकडे बघतच म्हणाली, "मी बाबालासुद्धा सांगितलं नव्हतं. म्हटलं, तू येऊन सांगशील. रोज दाराकडे बघायची." आणि ती हुंदके देऊन रडू लागली. "पडायचं काय, डोंगरात आम्ही पडतोच. तू माझी मैत्रीण, आणि तू आलीच नाहीस!"

सपनानं तिचा हात धरला. रुपलीनं तो आधी झटकला. मग घट्ट धरला, आणि सोडला नाही. दारात उभ्या असलेल्या देवचंदना पुढं बघवेना, ते तोंडाला रुमाल लावून बाहेर व्हरांड्यात आले.

रुपली चालेल का? डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत. ममता मॅडमचं काय होणार, तेही ठरलेलं नाही. पोलीस सपनाचा जबाब घेऊन गेले, आणि देवचंद तेव्हा तिच्या शेजारी बसून होते, तिच्याऐवजी एक शब्दही न बोलता.

म्हणून, माझ्या बंधुभगिनींनो, एक सांगणं आहे. पोरांना डोंगरावर जरूर पाठवा. दोर, कडे, नकाशे, सगळं शिकू द्या. तिथं ती पुढं चालायला शिकतील, आणि पुढं चालणारा कधी ना कधी चुकणारच. पण चुकून घरी परतलेल्या पोराला आपण दार लावून गप्प बसवलं, तर डोंगरानं शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं! ज्याला 'माझं चुकलं' म्हणता येतं, त्याच्याच मागे लोक पुन्हा चालतात. तेव्हा लेकरू घाबरून घरी येईल तेव्हा त्याचं तोंड दाबू नका. त्याचा हात धरा, आणि जिथं जाऊन खरं सांगायचं आहे तिथपर्यंत त्याच्यासोबत चालत जा.